कोणी धरून ठेवले आहे, ते आधी विचारा

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर जाळ्यातून जोडलेला सामायिक फोल्डर सुटत नाही, या विषयावर मराठी शिकवणाऱ्या बाईने लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल; काहींना तो आगाऊपणा वाटेल. तरीही लिहिते आहे, कारण ज्या चुकीबद्दल मला बोलायचे आहे ती मुळात वाचनाची चूक आहे. समोर आलेला मजकूर न वाचणे, संदर्भ तोडून एक ओळ उचलणे, ती मंत्रासारखी म्हणणे आणि परिणामाची जबाबदारी यंत्रावर ढकलणे, हे सारे आपण वर्गात रोज पाहतो आणि उत्तरपत्रिकेत त्याचे गुण कापतो. संगणकाच्या खोलीत मात्र यालाच 'प्रॅक्टिकल' असणे म्हणतात. माझा विरोध या प्रॅक्टिकलपणाला आहे.

आधी प्रसंग सांगते. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात जुन्या नियतकालिकांची छायाचित्रित पाने पाहून मजकूर टंकलिखित करण्याचे काम चालू होते. एकच मोठा लिनक्स संगणक, त्याला जोडलेले अनेक पडदे, आणि दुसऱ्या खोलीतील सर्व्हरवरून आलेला एक सामायिक फोल्डर. सारे विद्यार्थी त्याच फोल्डरात लिहीत. एके दुपारी त्या सर्व्हरवरचा संग्रह नव्या डिस्कवर हलवायचे ठरले. प्रयोगशाळेच्या सहायकांनी फोल्डर सोडवण्याची आज्ञा दिली. उत्तर आले, 'टार्गेट इज बिझी'. त्यांनी शोधून आणलेली दुसरी आज्ञा दिली. या वेळी काहीच उत्तर आले नाही. युनिक्समध्ये शांतता म्हणजे यश. मला ते म्हणाले, "मॅडम, अडकलं होतं, पण काढलं एकदाचं."

ते निघाले नव्हते. जे दोन विद्यार्थी टर्मिनलमधून आधीच त्या फोल्डरात शिरून एडिटर चालवत होते, त्यांचे लिखाण पूर्वीप्रमाणेच सर्व्हरच्या जुन्या डिस्कवर जात राहिले. नंतर आलेल्यांना त्याच नावाचा, त्याच मार्गावरचा फोल्डर रिकामा दिसला. नव्या डिस्कचे काम चालू आहे, हे त्यांनी ऐकले होते. म्हणून त्यांनी त्या रिकाम्या फोल्डरात नव्याने लिहायला सुरुवात केली. ते लिखाण सर्व्हरवर गेलेच नाही. प्रयोगशाळेतील संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर साठले. एका खोलीत, एकाच पत्त्यावर, दोन वेगळी घरे. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क त्याच जागी जोडली गेली, आणि मधल्या वेळात लिहिलेली पाने तिच्याखाली झाकली गेली. ती पुढे अकराव्या दिवशी, कोणीतरी पुन्हा जोडणी काढली तेव्हा, योगायोगाने सापडली. उरलेल्या दोघांनी नक्कल पूर्ण झाल्यानंतर लिहिलेली पाने मात्र जुन्या डिस्कवरच राहिली, आणि ती डिस्क तोवर पुसली गेली होती. एका मुलीचे तीन आठवड्यांचे काम होते. त्यातला शेवटचा दिवस गेला. ती मला म्हणाली, "मॅडम, मी सेव्ह केलं होतं." तिने केले होते. खरे बोलत होती.

या घटनेनंतर सगळ्यांनी एकमुखाने दोष दिला तो लिनक्सला. माझे म्हणणे असे की त्या दुपारी त्या खोलीत संगणक तेवढा सत्य सांगत होता.

'बिझी' हा शब्द आपण नीट वाचत नाही. 'व्यग्र' असे त्याचे भाषांतर केले की वाटते, यंत्र कामात आहे, थोड्या वेळाने मोकळे होईल. येथे अर्थ तसा नाही. येथे अर्थ आहे: 'हे कोणीतरी धरून ठेवले आहे.' कोणाची फाइल उघडी आहे, कोणाचा प्रोग्राम त्या फोल्डरातून चालू आहे, किंवा कोणी नुसतेच त्यात उभे आहे. युनिक्समध्ये प्रत्येक चालू प्रक्रियेला एक वर्तमान फोल्डर असतो. ती काही वाचत-लिहीत नसली तरी तेथे उभी असते, आणि तेवढेच फोल्डर न सुटायला पुरते. पुष्कळदा तर आज्ञा देणाराच त्या फोल्डरात उभा असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याचे याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही. तेव्हा 'बिझी' हा नकार असला तरी तो कारणासह दिलेला नकार आहे. फक्त कारण विचारावे लागते.

विचारण्याची साधनेही आहेत. 'फ्यूझर' ही आज्ञा 'एम' पर्यायासह दिली की त्या जोडणीला धरून असलेल्या प्रक्रियांची यादी मिळते आणि प्रत्येकीपुढे एक अक्षर येते. 'सी' म्हणजे ती तेथे उभी आहे, 'एफ' म्हणजे फाइल उघडी आहे, 'ई' म्हणजे तेथला प्रोग्राम चालू आहे. पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक्टर एबल यांनी लिहिलेले 'एलएसओएफ' त्याहून तपशीलवार बोलते: कोणत्या वापरकर्त्याची, कोणती फाइल. ही माहिती रूटच्या अधिकाराने विचारावी लागते. साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या प्रक्रियांचा पत्ता लागत नाही, आणि मग 'कोणीच नाही, तरी बिझी म्हणतो' असा गैरसमज होतो. कधी धरणारी प्रक्रियाच नसते: त्या फोल्डराच्या पोटात दुसरी एखादी जोडणी केलेली असते, किंवा त्यातील डिस्कची प्रतिमा असलेली फाइल 'लूप' पद्धतीने जोडलेली असते. अशा वेळी जोडण्यांची यादी वाचावी लागते. हे सगळे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. त्या दुपारी ते केले असते तर दोन नावे समोर आली असती, आणि दोन मुलांना 'जरा बाहेर या' एवढे सांगून काम झाले असते.

पण फोल्डर न सुटण्याची एकच दशा नसते, आणि सगळा घोटाळा या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने होतो. दुसरी दशा म्हणजे सर्व्हर गप्प होणे. येथे थोडा इतिहास हवा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली 'नेटवर्क फाइल सिस्टिम', म्हणजे एनएफएस, तयार केली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे विवरण १९८९ साली आणि तिसरीचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. या आवृत्त्यांत सर्व्हरने कोणाची आठवण ठेवायची नाही, असा संकल्प होता. कोण आले, कोणी काय उघडले, याची नोंद त्याच्याकडे नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण. यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी काही बिघडत नाही; ग्राहक संगणकाने तीच विनंती पुन्हा पुन्हा करत राहायचे. २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून सर्व्हर उघड्या फायली आणि कुलुपे लक्षात ठेवू लागला, पण ग्राहकाने वाट पाहायची ही रीत राहिलीच. 'हार्ड' जोडणी म्हणतात ती हीच, आणि काही वेगळे सांगितले नाही तर तीच लागू होते.

म्हणून सर्व्हर गप्प झाला की त्या फोल्डराला स्पर्श करणारा प्रत्येक प्रोग्राम गोठतो. किती जागा उरली हे सांगणारी साधी 'डीएफ' आज्ञासुद्धा गोठते, कारण तीही त्या जोडणीचे दार ठोठावते. 'एलएसओएफ'देखील अडकू शकते. तिला 'बी' पर्याय द्यावा लागतो. प्रक्रियांच्या यादीत 'डी' हे अक्षर दिसते, म्हणजे ती अशा निद्रेत आहे जिथून साध्या हाकेने उठत नाही. नोंदवहीत कर्नल लिहितो की सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे. लोक याला हट्ट म्हणतात. मी याला वचन पाळणे म्हणते. ग्राहक संगणकाने तुमचे लिखाण पोहोचवण्याची जबाबदारी घेतली आहे. पोहोचल्याची पावती नाही. म्हणून तो थांबला आहे. या दशेत सर्वांत चांगला उपाय म्हणजे सर्व्हर उठवणे, किंवा तुटलेली तार, बिघडलेला स्विच दुरुस्त करणे. सर्व्हर परतला की नोंदवहीत 'ओके' उमटते आणि गोठलेली सर्व कामे, जणू काही झालेच नाही अशी, पुढे चालू लागतात. हे ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा घाईने बळाचा वापर करणार नाही.

तिसरी दशा शिळ्या हँडलची. सर्व्हर फाइलला नावाने ओळखत नाही; तिला एक सांकेतिक खूण देतो, तिला हँडल म्हणतात. दुसऱ्या आवृत्तीत ही खूण ३२ बाइटांची असे. सर्व्हरवर ती फाइल कोणी पुसली किंवा डिस्कच बदलली, की ग्राहकाच्या हातातील खूण कशाचीच राहत नाही, आणि 'स्टेल फाइल हँडल' असा संदेश येतो. येथे वाट पाहण्यात अर्थ नाही. ती खूण पुन्हा जिवंत होणार नाही; जोडणी सोडून नव्याने करणे हाच मार्ग.

तीन दशा, तीन वेगळे उपाय. पहिलीत माणसाला विचारा, दुसरीत सर्व्हर उठवा, तिसरीत जोडणी नवी करा. आणि आपल्याकडे तिन्हींवर एकच काढा पाजला जातो: 'यूमाउंट'ला 'एल' पर्याय लावा.

हा 'एल' म्हणजे 'लेझी', आळशी. लिनक्सच्या २.४.११ या कर्नलपासून, म्हणजे २००१ पासून, तो उपलब्ध आहे. तो करतो काय? फोल्डराचे नाव झाडावरून ताबडतोब काढतो, आणि खरी सुटका धरणारा शेवटचा माणूस सोडून जाईल तेव्हा करायची, असे ठरवून बाजूला होतो. म्हणजे प्रश्न सुटत नाही. प्रश्न दिसेनासा होतो. जो आत आहे तो आतच राहतो, नव्याने येणाऱ्याला आत शिरता येत नाही, आणि यादीत जोडणी दिसत नसल्यामुळे आता 'कोणी धरले आहे' हे विचारणेही अवघड होते. ज्या माहितीच्या आधारे अडचण दूर करता आली असती, तीच आपण आधी नष्ट करतो. माझ्या विभागात नेमके हेच घडले.

आणि सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की यातले काहीही गुप्त नाही. 'यूमाउंट'चे मॅन्युअल उघडा. 'लेझी' पर्यायाखालीच लिहिले आहे की जाळ्यावरील जोडणीसाठी हा वापरलात तर लवकरच संगणक पुन्हा सुरू करण्याची तयारी ठेवा. सर्व्हर पोहोचण्यापलीकडे गेला असताना संगणक बंद करताना तो अडकून पडू नये, यासाठी हा पर्याय सुचवलेला आहे. म्हणजे हे घर सोडून जातानाचे औषध आहे. नांदत्या घरात द्यायचे नव्हे. मॅन्युअल लिहिणाऱ्याने इशारा दिला. सल्ला देणाऱ्याने त्यातील एक अक्षर उचलले आणि इशारा मागे ठेवला. सल्ला घेणाऱ्याने विचारले नाही. एखाद्या नाटकातील खलपात्राचे वाक्य नाटककाराचे मत म्हणून उद्धृत करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हणतो? संदर्भ तोडलास. मग येथे वेगळे काय घडले?

याहून भयंकर नमुना 'फ्यूझर'चाच आहे. त्याला 'के' पर्याय जोडला की तो यादी देऊन थांबत नाही; यादीतील सर्व प्रक्रिया ठार करतो, आणि तेही निरोप न देता, थेट 'किल' संकेताने. जतन करायला क्षण मिळत नाही. शिवाय दिलेला मार्ग त्या क्षणी जोडणीचा नसेल, समजा ती आधीच सुटली असेल, तर 'एम' पर्याय त्या मार्गाला धारण करणारी मोठी फाइल प्रणाली विचारात घेतो. ती बहुधा मूळ डिस्कच असते. म्हणजे संपूर्ण संगणकावरील कामे मारली जातात. यासाठी मोठ्या लिपीतील 'एम' हा वेगळा पर्याय दिला आहे. मार्ग खरोखर जोडणीचा असेल तरच तो पुढे जाऊ देतो. 'के' आणि छोटा 'एम' एकत्र देणारे सल्ले सर्वत्र सापडतात. हा मोठा 'एम' त्यांत क्वचितच असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: "तासाला पन्नास मुले खोळंबलेली असतात, तुमचे भाषाशास्त्र ऐकायला वेळ कुणाला?" मान्य. पण पाच मिनिटे वाचवून अकरा दिवसांची शोधाशोध आणि एका मुलीचा गमावलेला दिवस विकत घेतला, याचा हिशेब कोणी करायचा? खोळंबा मोजला जातो, कारण तो दिसतो. झाकली गेलेली पाने दिसत नाहीत, म्हणून मोजली जात नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा: "हार्ड जोडणीच चुकीची, सॉफ्ट करा, म्हणजे काही गोठणारच नाही." खरे आहे, गोठणार नाही. ठरलेल्या वेळा प्रयत्न करून ग्राहक संगणक हात झटकेल आणि प्रोग्रामला चूक कळवेल. पण त्या प्रोग्रामने ती चूक तपासली नाही तर? अर्धी फाइल लिहिलेली राहील आणि कोणाला कळणारही नाही. अशा जोडणीत मजकूर मुकाट्याने बिघडू शकतो, असे एनएफएसचे मॅन्युअलच सांगते. नुसत्या वाचण्याच्या संग्रहाला सॉफ्ट जोडणी चालेल. जेथे मुले लिहितात तेथे ती मला नको. गोठलेला पडदा मला पत्करेल; खोटे 'सेव्ह झाले' पत्करणार नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: "बंद करून चालू करा." एकट्याच्या संगणकावर ठीक. ज्यावर वीस जण बसले आहेत तेथे हा वीस जणांच्या कामाचा निर्णय एकाने घेणे होय. शिवाय सर्व्हर मेलेला असताना हार्ड जोडणी असलेला संगणक बंद होतानाच अडकून बसू शकतो. मग विजेचे बटण दाबण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि स्थानिक डिस्कवरील न लिहिलेला मजकूरही जातो.

बळ कधीच वापरू नये, असे मी म्हणत नाही. सर्व्हर कायमचा गेला आहे, ती डिस्क परत येणार नाही, हे निश्चित झाले की 'यूमाउंट'चा 'एफ' पर्याय, म्हणजे सक्ती, मेलेल्या एनएफएस जोडणीसाठीच आहे. अडकलेल्या प्रक्रियांना आधी साधा 'टर्म' संकेत द्यावा; न ऐकल्यास 'किल'. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसची वाट पाहणाऱ्या प्रक्रियाही 'किल' संकेताने बहुधा मरतात. पूर्वी तेही होत नसे. हे सर्व करूनही सुटले नाही आणि संगणक बंद करायचाच असेल, तर 'एल'. म्हणजे मी तोच पर्याय सांगते आहे. फक्त त्याची जागा पहिली नव्हे, शेवटची आहे. वाक्यात पदांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र आजच करता येण्याजोगी आहे. ज्या रिकाम्या फोल्डरावर जोडणी केली जाते, त्यावर जोडणी नसताना कोणालाही लिहिता येणार नाही अशी व्यवस्था करावी. 'चॅटर' आज्ञेने त्याला अपरिवर्तनीय करता येते. मग जोडणी सुटलेली असताना लिहू पाहणाऱ्याला तात्काळ नकार मिळतो. आमच्याकडे आता असे केलेले आहे. त्या दुपारी तो नकार मिळाला असता, तर पहिल्याच विद्यार्थ्याने ओरडून सांगितले असते, आणि पुढचे टळले असते.

नकार ऐकण्याची आपली तयारी नाही, हे या सर्वाचे मूळ आहे. यंत्र नाही म्हणाले की आपल्याला तो अपमान वाटतो आणि आपण 'हो' म्हणवून घेण्याची युक्ती शोधतो. परंतु 'बिझी' म्हणणारा तो संगणक त्या दुपारी दोन विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलत होता. खोलीत त्यांच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नव्हते. मीही नव्हते, मी शेजारच्या वर्गात शिकवत होते. त्याला गप्प केले गेले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी संगणक शिकावा की नाही, हा वाद जुना झाला. आपला सगळा मजकूर आता तेथेच राहतो. मागणी एवढीच आहे की जी वाचनाची शिस्त आपण कवितेला लावतो, ती या तीन शब्दांच्या संदेशालाही लावावी. आज्ञा उतरवून घेण्यापूर्वी तिचे मॅन्युअल वाचा. आणि फोल्डर सुटत नसेल, तर तो कोणी धरून ठेवला आहे ते आधी विचारा. बहुधा तो माणूस त्याच खोलीत बसलेला असतो.